शिकायला चाललीस? मग शिकवणार काय?

परवा रात्री मेसमध्ये जेवताना आमच्या एका सिनियर ताईचा व्हिडिओ कॉल आला. ती गेल्या वर्षी एम.एस.साठी अमेरिकेला गेली. आम्ही सगळ्याजणी एका मोबाईलभोवती गोळा झालो. (ताटात गवार होती, त्यामुळे कॉल सगळ्यांनाच हवाहवासा वाटला!) आमचे प्रश्न नेहमीचेच. थंडी किती? रूमचं भाडं किती? जॉब लागेल का? ताई मात्र भलतंच सांगत बसली.

"अगं, मी इथे टीचिंग असिस्टंट आहे. आठवड्यातून दोनदा लॅब घेते. पहिल्या दिवशी बोर्डासमोर उभी राहिले तर पाय लटपटत होते. माझे उच्चार ऐकून पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग म्हटलं, बडबड पुरे, सर्किट जोडूनच दाखवू. आता तीच पोरं लॅब सुटल्यावर थांबून शंका विचारतात."

कॉल संपला. कुणीतरी म्हणालं, "शिकायला गेली का शिकवायला?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण रूमवर आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. माझ्या लॅपटॉपवर एसओपी अर्धवट लिहून पडला आहे. म्हणजे 'मला तुमच्याच विद्यापीठात का यायचं आहे' हे सांगणारा तो निबंध. त्यात मी तिथून काय काय घेणार, याचे तीन परिच्छेद आहेत. मी काय घेऊन जाणार, यावर एक ओळसुद्धा नाही. आपण परदेशी जातो ते रिकामं भांडं घेऊन, आणि ते तिथेच भरायचं असतं, असं आपण किती सहज धरून चालतो, नाही?

म्हणून मला आज एका तरुण शिक्षिकेबद्दल लिहायचं आहे. तीही शिकायला म्हणूनच परदेशी गेली होती. वय पंचवीस. नाव पंडिता रमाबाई.

थांबा, पान उलटू नका! मलाही शाळेत त्या 'थोर समाजसुधारक' म्हणून दोन मार्कांपुरत्याच माहीत होत्या. फोटोत पांढरी साडी, कापलेले केस, एवढंच. त्यांचं इंग्लंडमधलं आयुष्य समजलं ते त्यांच्या पत्रांमुळे. ती पत्रं ए. बी. शहा यांनी संपादित केली आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापली. पत्रं इंग्रजीत आहेत, त्यामुळे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला ती पटकन वाचता आली. एका मराठी बाईची ओळख मला इंग्रजीतून व्हावी, याची थोडी लाज वाटली खरी. पण त्याबद्दल पुढे सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाबाईंना. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी देश फिरत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. लग्न झालं, मुलगी झाली आणि १८८२ साली नवराही गेला. तेव्हा त्या जेमतेम तेवीस वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्या पुस्तकाच्या पैशांचा आधार घेऊन १८८३ साली छोट्या मनोरमेसह इंग्लंडची बोट पकडली. मला बॅग भरायला आठवडा लागतो, तोही दिवाळीच्या सुट्टीत घरी जायला!

त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पण कानाने कमी ऐकू येत होतं, त्यामुळे तो बेत सोडावा लागला. उतरल्या त्या वाँटिज नावाच्या छोट्या गावात, सिस्टर लोकांच्या आश्रमात. या सिस्टरांचं पुण्यातही काम होतं. आता इथे जे ठरलं ते नीट वाचा, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. सिस्टरांनी रमाबाईंना इंग्रजी शिकवायचं आणि त्या बदल्यात पुण्याला जाणाऱ्या सिस्टरांना रमाबाईंनी मराठी शिकवायचं. ना फी, ना उपकार. तू मला दे, मी तुला देते. परक्या देशात, हातात पैसा नसलेली, कडेवर मूल असलेली ही विधवा बाई पहिल्याच पायरीवर विद्यार्थिनीही होती आणि शिक्षिकाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावर पुण्यात केवढा गदारोळ झाला हे सगळ्यांना माहीत आहे. तो वाद मी इथे उकरून काढत नाही. एवढंच सांगते की, 'बाई त्यांच्या झाल्या, त्यांच्या तालावर नाचल्या' असं कुणाला वाटत असेल तर त्याने ही पत्रं जरूर वाचावीत.

१८८४ साली त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. प्राचार्या होत्या डोरोथिया बील. गंमत म्हणजे, रमाबाई ज्या वर्षी जन्मल्या त्याच वर्षी, म्हणजे १८५८ साली, या बाई प्राचार्या झाल्या होत्या. मुलींना गणित आणि विज्ञान शिकवलं तर त्यांचं काय होईल, अशी काळजी इंग्लंडमधल्या लोकांनाही होती, त्या काळातल्या या बाई! चेल्टनहॅममध्ये रमाबाई एका तासाला विद्यार्थिनी म्हणून बाकावर बसायच्या आणि दुसऱ्या तासाला शिक्षिका म्हणून संस्कृत शिकवायच्या. आपल्याकडे एखादा विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी जरा जास्त वेळ उभा राहिला तरी शिपाईकाका विचारतात, "काय काम आहे?"

शिकवणं चांगलं चाललं होतं. १८८५ च्या सुमारास मिस बील यांच्या मनात आलं की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात. झालं! हिंदुस्थानातल्या दोन बिशपांपर्यंत हा विषय गेला आणि त्यांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर तिकडे हिंदुस्थानात तिच्याबद्दल लोक काय म्हणतील, ही चिंता. यावर रमाबाईंनी जे कळवलं ते वाचून मी टाळीच वाजवली. त्यांचं म्हणणं असं की माझी आई तरुणांना शिकवायची, मीही शिकवलं. माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी ना म्हटलं नाही, आणि इथले काही लोक ना म्हणतात, याचंच मला नवल वाटतं! ज्यांना 'मागासलेले' समजून सुधारायला निघाले होते, त्यांच्याच घरातलं उदाहरण तिने पुढे ठेवलं.

आणि मग सिस्टर जेराल्डिन. रमाबाई चेल्टनहॅमला आणि सिस्टर वाँटिजला, म्हणून दोघींमध्ये पत्रांवर पत्रं. रमाबाई शाकाहारीच राहिल्या, तर सिस्टरना तो जातीचा जुना अहंकार वाटला. क्रॉसवरचे लॅटिन शब्द रमाबाईंना नको होते. मला न कळणाऱ्या भाषेत कशाला, संस्कृतात असू देत, असा त्यांचा आग्रह. त्यावरून वाद. मनोरमेला कोणी काय शिकवायचं, त्यावरून वाद. धर्मातलं एखादं तत्त्व पटत नाही असं लिहिलं की सिस्टर म्हणणार, अंगी नम्रता हवी. रमाबाईंचं उत्तर साधारण असं की मी देवाला मानलं, पण म्हणून प्रत्येक पाद्र्याचा शब्द मानायला मी बांधलेली नाही.

मला हे वाचताना हसू का येत होतं सांगू? मी बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली आहेत. सिस्टरशी वाद घालणं म्हणजे काय, ते मला पुरेपूर ठाऊक आहे! आमच्या शाळेत मैदानावर मराठी बोललं तरी एक रुपया दंड होता. त्या रुपयांचं पुढे काय झालं देव जाणे, पण माझं मराठी मात्र त्यातच गेलं. तरीही आमच्या गणिताच्या सिस्टर मला आजही आठवतात. त्या केरळच्या. घर सोडून इतक्या दूर आलेल्या, म्हणजे त्याही परमुलखातल्या शिक्षिकाच. दंडाचा नियम त्यांनाच राबवायचा होता, आणि मधल्या सुट्टीत त्याच आम्हाला हळूच विचारायच्या, "भाजीवालीला 'कमी करा' मराठीत कसं बोलायचं?" ज्या दिवशी त्यांनी आम्हाला हे विचारलं, त्या दिवसापासून त्यांच्या तासाला मला गणिताची भीती वाटेनाशी झाली. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं.

सिस्टर जेराल्डिन वाईट होत्या असं मला अजिबात म्हणायचं नाही. छोट्या मनोरमेवर त्यांनी जीव लावला. ही सगळी पत्रं, ज्यात त्यांच्याशीच भांडण आहे तीसुद्धा, त्यांनीच जपून ठेवली, म्हणून तर आज आपल्याला वाचता येतात. त्यांचं चुकलं ते एकाच ठिकाणी. आपण फक्त देणारे आणि समोरची फक्त घेणारी, असं त्यांनी धरलं. मिस बील यांनी तसं धरलं नाही. त्यांनी रमाबाईंच्या शंकांना शंका म्हणून उत्तरं दिली, उद्धटपणा म्हणून नाही. दोघीही शिकवणाऱ्या, दोघीही श्रद्धाळू, दोघीही मायाळू. फरक तेवढाच. पण केवढा!

आता कबुली. मी स्वतः सिस्टर जेराल्डिन आहे. म्हणजे होते.

फर्स्ट इयरला मला जी रूममेट मिळाली ती लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम. बोर्डात माझ्यापेक्षा जास्त मार्क. पण इथे आल्यावर ती गप्पच झाली. मी तिला 'सुधारायला' घेतलं. 'व्हॉल्टेज'चा उच्चार असा कर, काटा-चमचा असा धर, मेसमध्ये मोठ्याने बोलू नकोस. मला मनापासून वाटायचं की मी तिच्यावर उपकार करतेय. एकदा तिने 'डिटरमिनंट'चा उच्चार भलताच केला आणि मी चार मैत्रिणींसमोर तो करून दाखवला. सगळ्या हसल्या. तीही हसली. मला वाटलं, खेळकर आहे बिचारी.

पहिल्या सेमिस्टरला बेसिक इलेक्ट्रिकलची ओरल होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी किर्चॉफचा नियम विचारला. ती उभी राहिली. उत्तर येत होतं, तोंडातून निघत नव्हतं. "मराठीत सांगू का सर?" एवढंच तिने विचारलं. "इंग्लिश ओन्ली" असं उत्तर आलं. त्या रात्री मी लायब्ररीतून आले तर तिची ट्रंक भरलेली. वडिलांना फोन करून झाला होता, सकाळच्या एसटीने ती जाणार होती. मी म्हटलं, "वेडी आहेस का? एका ओरलसाठी?" ती म्हणाली, "ओरलचं नाही गं. त्या सरांना मी परत कधी भेटणार पण नाही. तुझ्याबरोबर मला रोज राहावं लागतं."

मला काहीच बोलता येईना. नुसती बसून राहिले. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तो किर्चॉफ तुला मराठीत कसा सांगायचा होता?" ती आधी गप्प. मग म्हणाली, "दारं धरलीस का कधी?" मला वाटलं, दरवाजे धरायचे? मग तिने समजावलं. शेतात पाटाचं पाणी येतं ते फावड्याने एकेका वाफ्यात वळवायचं, त्याला दारं धरणं म्हणतात. पाट जिथे फुटतो तिथे जेवढं पाणी येतं तेवढंच पुढच्या फाट्यांत मिळून जातं. त्या जागी पाणी साठून राहत नाही आणि हवेतूनही येत नाही. "झाला तुझा किर्चॉफ," ती म्हणाली. मी तो नियम पाठ करून ओरलला फुल मार्क घेऊन आले होते. मला तो समजला त्या रात्री, पहिल्यांदा.

सकाळची एसटी तिने सोडली. आमचा करार झाला. रोज रात्री मेसनंतर अर्धा तास मी तिची इंग्रजीतून ओरल घ्यायची आणि अर्धा तास तिने मला मराठी शिकवायचं. वाँटिजचं नावही तेव्हा आम्ही ऐकलं नव्हतं! आज ती थर्ड इयरला आहे, एकही केटी नाही. आणि रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत लिहिलेलं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे १८८९ सालचं पुस्तक आम्ही दोघींनी मिळून वाचलं. जुन्या मराठीत अडले की ती समजावते, परदेशी नावांत ती अडली की मी.

त्या पुस्तकाचंही सांगायला हवं. १८८६ च्या सुरुवातीला रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. जायचं होतं थोडे दिवस, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. गावोगाव भाषणं दिली. म्हणजे तिथेही शिकवलंच! 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक १८८७ साली काढलं. फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकून घेतली. अमेरिकेतल्या बायकांचं शिक्षण आणि त्यांच्या संस्था पाहून त्या भारावून गेल्या. पण त्याच पुस्तकात काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना गोऱ्यांनी कसं वागवलं, तेही स्पष्ट लिहिलं. जे चांगलं ते घेतलं, जे वाईट ते त्यांच्या तोंडावर सांगितलं. आपल्यापैकी कितीजण तिकडून आल्यावर असं दोन्ही सांगतात? एक गट म्हणतो 'तिथे सगळंच भारी', दुसरा म्हणतो 'तिथे संस्कारच नाहीत'. मधलं कुणी पाहतच नाही.

१८८९ च्या फेब्रुवारीत त्या परत आल्या आणि ११ मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे १८९३ साली तिचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. होय, तेच महर्षी कर्वे, ज्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. धागा कुठून कुठे जातो बघा!

आता कुणी म्हणेल, "रमाबाई विदुषी होत्या. त्यांच्याकडे संस्कृत होतं, आमच्याकडे काय आहे?" हा प्रश्न मीही स्वतःला विचारला. माझं उत्तर असं की आपल्याकडे काय आहे हे आपल्याला कळतच नाही, कारण ते कुणी विचारत नाही. माझ्या रूममेटला दारं धरणं ही विद्या वाटली नव्हती. मी विचारलं तेव्हा ती विद्या झाली. आणि विचारायला मला दोन महिने आणि एक भरलेली ट्रंक लागली.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. परदेशी जा, जरूर जा. मीही फॉर्म भरणार आहे. पण शिकवायची सवय विमानात बसल्यावर लागत नाही. ती इथेच, मेसच्या टेबलावर लावून घ्यावी लागते. दर वर्षी फर्स्ट इयरला मराठी माध्यमातून मुलंमुली येतात आणि आपल्यासारखी कॉन्व्हेंटवालीही येतात. रेक्टर मॅडमना माझी विनंती आहे की रूम देताना या दोघांना मुद्दाम एकत्र ठेवा. सर-मॅडमना विनंती आहे की तोंडी परीक्षेत अडलेल्या मुलाला एकदा तरी म्हणा, "आधी मराठीत सांग, मग इंग्रजीत बघू." परीक्षा किर्चॉफची आहे, इंग्रजीची नाही. यात अभ्यासाचा दर्जा घसरेल असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी ते पाटाचं उदाहरण वर्गात सांगून बघावं.

आणि आपण, जे घडाघडा इंग्रजी बोलतो, त्यांनी उपकार करायला जाऊ नये. करार करावा. तुझं मला, माझं तुला. शिकवताना आपण काहीच शिकत नसू, तर समोरच्याची ट्रंक कधीतरी भरली जाणारच. मग ते वाँटिज असो की आपलं हॉस्टेल.

हा लेख मी मराठीत लिहिला. पहिल्या खर्ड्यात रूममेटने लाल पेनाने सत्तावन्न चुका काढल्या. (ऱ्हस्व-दीर्घाच्याच चाळीस!) ती मात्र एकदाही हसली नाही. माझ्या एसओपीत आता चौथा परिच्छेद आहे. तो तिच्या पाटाच्या पाण्याचा आहे.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी, मुलींचे वसतिगृह